हरणाबाईचा चातुर्मास

हरिपुरात आषाढी एकादशीला बायका संगमेश्वराच्या देवळात नेम धरायला जातात. कुणी मीठ सोडते, कुणी वांगं सोडते, कुणी चार महिने पायात वहाण घालत नाही. देव निजायला गेले, तेव्हा आपणही जरा आवरून-सावरून राहावं, जिभेला नि देहाला थोडा लगाम असावा, इतकीच त्यामागची साधी भावना. पण लढाईच्या शेवटच्या वर्षी हरणाबाईनं जो नेम धरला, तो ऐकून मंडपात बसलेल्या बायकांनी एकमेकींकडं बघितलं. एक वेळ जेवायचं, देवाच्या खोलीत भुईवर घोंगडी टाकून निजायचं, आणि कार्तिकी होईतोवर नवऱ्याच्या अंथरुणाला पाय लावायचा नाही.

"अगं, पण हंबीरराव रजंवर यायचं हाईत न्हवं?" शेजारची बनुबाई म्हणाली. "पलटणीतला मानूस घरी येनार, आनि तू घोंगडीवर?"

"येऊ द्यात की. देवाच्या कामात ते काय म्हनत्यात?"

"म्हननार न्हाईत. नुसतं बघत बसतील बिचारं," बनुबाई म्हणाली, आणि सगळ्या पदर तोंडाला लावून हसल्या.

गुरवकाकांनी हरणाबाईच्या ओंजळीत पाणी घातलं. "संकल्प सोडा. काय मागायचं ते बोला नि पाणी सोडा."

हरणाबाईनं आजूबाजूच्या बायकांकडं बघितलं. जे मागायचं होतं ते चार बायकांत बोलण्यासारखं नव्हतं. "मनात ठेवलं तर चालंल का, काका?"

"ठेवा. देवाला काय, मनातलं बी ऐकू येतंय."

शेजारी तिची सासू साळूबाई हात जोडून बसली होती. तिला वाटलं, सून लाजली. तिनं मोठ्यानं म्हटलं, "दुसरा नातू दे रं महादेवा. अर्जुनाला पाठचा भाऊ दे." आणि नेमक्या त्याच वेळी हरणाबाईच्या ओंजळीतलं पाणी ताम्हनात पडलं.

हरणाबाईनं रिकामी ओंजळ मिटली. बायका म्हणाल्या, बाई, केवढं कडक व्रत धरलंय पोरासाठी.

*

हरणाबाईचं माहेर सातारा जिल्ह्यातलं, कऱ्हाडच्या अलीकडचं. तिच्या आईची नऊ बाळंतपणं झाली, आणि त्यातली जगली ती सगळी हरणीच्या कडेवर वाढली. पाण्याला गेली तरी कडेवर भाऊ, शेणाला गेली तरी कडेवर भाऊ. पोरी झिम्मा खेळायच्या तेव्हा ही कडेवरचं ओझं सावरत नुसती बाजूला उभी राहून गाणं म्हणायची. लग्नात हळद लावताना मामीच्या ध्यानात आलं, की पोरीची एक कड दुसरीपेक्षा वर चढलीय. "पोरं वागवून वागवून तिरकी झाली गं ही," म्हणून मामी हसली, आणि हसता हसताच तिनं डोळे पुसले.

सासर हरिपूरचं. माणसं मोजकी, जमीन म्हणजे कृष्णेकाठची मळीची, गाळाची पट्टी. साळूबाई तिच्यात वांगी लावी आणि रोज सकाळी पाटी डोक्यावर घेऊन सांगलीच्या बाजारात बसे. हंबीरराव लढाई लागल्यावर पलटणीत गेला. एकदा रजेवर आला, त्यानंतर अर्जुना झाला, आणि बाप समुद्रापार गेला तो पोराचं तोंड न बघताच. हरणाबाई हळदीच्या पेवांवर कामाला लागली.

हरिपूरची माती अशी, की तीत खोल पेव खणून हळद भरली तर ती कीड न लागता वर्षानुवर्षं राहते. हळद सांगलीच्या व्यापाऱ्यांची, पेवं इथली. भाव आला की पेवाचं तोंड उघडायचं, आतली कोंडलेली हवा जाईपर्यंत थांबायचं, मग गडी आत उतरून हळद वर द्यायचे आणि बायका छपराखाली बसून ती निवडायच्या. हळकुंड इकडं, गड्डा तिकडं, मोडकं तिसरीकडं. मुकादम माणूस वाईट नव्हता, पण त्याचा एक दंडक होता. लेकुरवाळीनं पोर घेऊन यायचं नाही. एकदा एका बाईचं रांगतं पोर उघड्या पेवाच्या तोंडाशी गेलं होतं. वरच्या वर धरलं म्हणून वाचलं. तेव्हापासून तो म्हणे, "तुमचं पोर माज्या डोस्क्यावर नगं. घरी ठिवा, न्हाईतर तुमी बी घरीच बसा."

म्हणून अर्जुना घरी राहिला, आणि त्याला बघायला राहिली हरणाबाईची थोरली लेक शालू. तेव्हा ती सहा वर्षांची होती.

हरणाबाईला त्या दिवसाची आठवण झाली की अजूनही हातातलं काम थांबे. सकाळी बाजाराला निघताना साळूबाईनं अर्जुनाला अफूची कणी दुधातून दिली होती. त्यात कुणाला वावगं वाटत नसे. कामाला जाणाऱ्या बायका देत असत, पोर निजून राही. साळूबाईनं आपल्या लेकरांना तशीच दिली होती. पण शालूला ते ठाऊक नव्हतं. पोर मधेच किरकिरलं. आजी कोनाड्यातल्या डबीतून काय काढते, हे पोरीनं बघून ठेवलेलं. तिनं आपल्या हातानं त्याला आणखी एक कणी चोखवली.

हरणाबाई घरी आली तेव्हा शालू पोरापाशी बसली होती, त्याच्या नाकाखाली दोन बोटं धरून. "आये," ती म्हणाली, "ह्येचा वारा लय बारीक झालाय."

हळद निवडायला बरोबर असणारी मेहरुनबी धावत आली. तिनं पोराला कढत काळा चहा चमच्या-चमच्यानं पाजला, तळवे घासले, त्याला झोपू न देता हलवत-हिंदकळत अंगणभर फिरवलं. बऱ्याच वेळानं पोर रडलं. त्याचं रडणं ऐकून शालू पहिल्यांदा रडली.

घरात शालूला कुणी बोल लावला नाही. साळूबाईनंही डोळ्याला पदर लावला. हरणाबाईनं ती डबी कृष्णेत सोडली. पण शालूची ती सवय मात्र कितीतरी महिने गेली नाही. जेवताना उठायची, खेळताना पळत यायची, आणि निजलेल्या भावाच्या नाकाखाली दोन बोटं धरून बघायची. हरणाबाईनं तेव्हाच मनाशी गाठ मारली, की आता ह्या पोरीच्या कडेवर आणखी लेकरू द्यायचं नाही.

अर्जुना वाढला, आजीचं बोट धरून मळीत जाऊ लागला, आणि त्या ज्येष्ठात शालूचं नाव शाळेत घातलं. तिच्याहून लहान पोरींच्यात ती बिगारीत बसे. पोरी तिला "शालूबाई" म्हणून चिडवीत. तिला त्याचं काही वाटत नसे. घरी येऊन चुलीपुढच्या राखेत ती 'क' काढी, पुसे, पुन्हा काढी.

अशात हंबीररावाच्या रजेची खबर आली.

हरणाबाईच्या हाताशी एक आडोसा होता. अर्जुना तिसरं संपलं तरी अंगावर पीत होता. तिनंच त्याला तोडलं नव्हतं. पोर अंगावर असलं की दुसरं लांबतं, असं सगळ्याच म्हणत. पेवावर तिनं मेहरुनबीला हळूच विचारलं, तर ती हळदीनं पिवळे झालेले हात कपाळाला लावून हसली.

"कुनी सांगितलं तुला? माझ्याकडं बघ की. दिलशाद अंगावर हुती, तवाच वजीर ऱ्हायला."

"मग काय करावं गं बाईनं?"

"आमच्यात काय न्हाई. माझा आदमी टांग्यावर. लढाईवर बी जात न्हाई मेला." मग आवाज उतरवून ती म्हणाली, "तुमच्यात बरं हाय. उपास-तापास लय. धर की एकादा नेम. देवापुढं बाप्या काय बोलतोय? आमचं रोजं एकच महिना, त्यात बी दिवस बुडला की मोकळं."

मेहरुनबी चेष्टेत बोलली. हरणाबाईच्या मात्र ते मनात राहिलं. रजा ती केवढी, देव उठायच्या आत माणूस परत पलटणीत जाणार. देवाला फसवायचं तिच्या मनात नव्हतं. जेवण एक वेळ म्हणजे एक वेळ, भुई म्हणजे भुई. ती सगळं मनापासून पाळणार होती. फक्त कशासाठी, ते तिचं नि देवाचं राहणार होतं.

आणि साळूबाईनं ते मंडपात भलतंच करून टाकलं.

*

हंबीरराव श्रावणात आला. वाळलेला, उन्हानं रापलेला, खांद्यावर लोखंडी ट्रंक. अर्जुना त्याला बघून आजीच्या मागं लपला. दुपारी जेवण झाल्यावर साळूबाईनं लेकाला सुनेचा नेम सांगितला, आणि कशासाठी तेही सांगितलं. देवखोलीच्या दाराआड हरणाबाईला सगळं ऐकू येत होतं. आता चिडेल, आदळआपट करेल, मग आपणही तोंड उघडू, असं तिला वाटलं.

तो बाहेर आला. कमरेची तंबाखूची चंची त्यानं सोडली आणि खुंटीला अडकवली. "तू माझ्या घरासाठी एवढं सोसतीस," तो म्हणाला, "मग मी बी कायतरी सोडतो. देव उठंपातूर तंबाखू बंद."

रागाला उत्तर देता येतं, ह्याला काय द्यावं ते हरणाबाईला कळेना.

गावातले सोबती पारावर त्याची चेष्टा करीत. "काय नाईकसायेब, सात समुद्रापल्याडचा मुलूख मारून आला, आनि घरात बायकूनं तुमास्नी शिवंवर थांबवलं?" तो हसे. "तिथं सायबाचा हुकूम हुता, गड्या. हितं देवाचा हाय," म्हणे. संध्याकाळी तो शालूची पाटी घेऊन बसे आणि तिनं काढलेली अक्षरं बघे. त्याला स्वतःला पलटणीत शिकलेली सहीच तेवढी येत होती. चांगला माणूस होता तो. हरणाबाईच्या पायाला खरी बेडी पडली ती त्याच्या त्या चांगुलपणाची.

दुसरी बेडी सासूनं घातली. एके दुपारी अर्जुना आईच्या पदराखाली शिरलेला बघून साळूबाई थबकली.

"अगं, नेमात हाईस न्हवं तू? उष्ट्या अंगानं देवापाशी निजतीस?"

"ल्हान हाय, आत्याबाई."

"ल्हान? घोड्यावानी पळतोय मळीतनं. नेम धरलास तर धड धर. अर्धामुर्धा देवाला चालत न्हाई." आणि तिनं परसातली कोरफड मोडून आणली.

अर्जुनानं तोंड लावलं, वाकडं केलं, थुंकला, आणि मग आईकडं असं बघितलं, की हिनं आपल्याला फसवलं. पुढचे काही दिवस तो रात्रंदिवस किरकिरला. हरणाबाईची छाती दगडासारखी झाली, अंगात ताप भरला. साळूबाई जाईची फुलं खुडून आणी, ती फडक्यात घालून स्वतः सुनेच्या छातीला बांधी. "आटंल हं दूध. सोस थोडं," म्हणे. तिच्या हातात माया होती. त्या फुलांच्या वासात हरणाबाईला गुदमरल्यासारखं होई. ज्या नेमाचा तिनं आडोसा केला होता, त्यानंच तिचा आधीचा आडोसा काढून नेला. आणि हे कुणाला सांगायची सोय नव्हती, कारण नेम तिनं आपल्या तोंडानं धरला होता.

सांगलीहून बातमी आली ती श्रावणातच, की लढाई संपली. साळूबाईनं देवळात जाऊन साखर वाटली. हरणाबाईनं देवापुढं डोकं टेकलं. माणूस वाचलं, कपाळाचं कुंकू वाचलं, म्हणून तिला खरंच रडू आलं. डोकं वर करायच्या आत मात्र तिच्या ध्यानात आलं. आता हा परत जाणार नाही.

रजा संपल्यावर तो बेळगावला गेला तो कपडे नि बंदूक जमा करायलाच. दिवाळीआधी नाव कमी करून, ट्रंक खांद्यावर घेऊन कायमचा घरी आला.

*

दसऱ्यानंतर पेवं उघडू लागली होती. हरणाबाई एक वेळच्या जेवणानं सुकलेली, पण हात पहिल्यासारखाच चालत होता.

"तुझा देव कवा उठनार?" मेहरुनबीनं विचारलं.

"कार्तिकीला."

"झोपू दे की अजून थोडा."

हरणाबाईला हसू आलं नाही. तोच विचार तिच्या डोक्यात होता. घरी गेल्यावर तिनं चाचपून बघितलं. चुलीपुढं बसून ती सासूला म्हणाली, "आत्याबाई, नेम शिवरात्रीपातूर न्यावा म्हनते. आनखी पुण्य लागंल."

साळूबाई भाकरी थापत होती. ती थांबली. "देव उठल्यावर नेम कसला? उठला की त्येचं त्येला द्यायचं, आनि आपलं मागून घ्यायचं. लय तानलं तर त्यो बी कंटाळंल." मग परातीतल्या पिठाकडं बघत ती हळू आवाजात बोलली. "पोरी, एकच लेक असलेल्या आईचं काय असतं, ते तुला न्हाई कळायचं. माझा थोरला मानमोडीच्या साथीत गेला. ह्यो एकटा ऱ्हायला. ह्यो लढाईवर गेला तवापासनं पोस्टाचा मानूस दिसला की मी पाटी खाली टाकून उभी ऱ्हायची. मी काय हौसंनं मागत न्हाई गं दुसरा."

हरणाबाईला वाटलं, आता ह्या घटकेला सांगून टाकावं. डबीतली अफू, शालूची दोन बोटं, सगळं. पण साळूबाई पदरानं नाक पुसून म्हणाली, "आनि मी हाय की सांभाळायला." हे ती अर्जुनाच्या वेळीही म्हणाली होती. आणि खोटंही म्हणाली नव्हती. वांग्याची पाटीच रोज तिला उठवून नेत होती.

*

उद्यापन द्वादशीच्या सकाळी घरीच झालं. गुरवकाका आले, अंगण सारवून तुळशीपुढं चौक घातला. हंबीरराव धुतलं धोतर नेसून पाटावर बसला, शेजारी हरणाबाई, दोघांच्या उपरण्या-पदराची गाठ बांधलेली. बनुबाई नि आळीतल्या बायका ओटीचं सामान घेऊन आल्या. शालू शाळेला जायचं म्हणून डोकीला तेल लावून, पाटी काखेत धरून दारात उभी होती.

पूजा झाली. गुरवकाकांनी पळीनं पाणी घेतलं. "आता संकल्प बोलून सोडावा लागंल, हरणाबाई. तवा मनात ठेवला व्हतासा. उद्यापनाला उघड सांगितल्याशिवाय फळ अधांतरीच ऱ्हातंय."

"सांग की," साळूबाई म्हणाली. "सगळ्या आपल्याच हाईत."

"लाजती बया! चार म्हैनं घोंगडीवर निजायला न्हाई लाजली," बनुबाई बोलली, आणि बायका खुसखुसल्या.

हरणाबाईनं ओंजळ पुढं केली. सासूचंच वाक्य म्हणून टाकलं असतं तर काय झालं असतं? सगळी सुखी झाली असती. तिनं तोंड उघडलंही. पण समोर दिवा होता, देव होते, हातात पाणी होतं, आणि चार महिने तिनं ह्याच देवाच्या पायाशी अंग टाकलं होतं. त्याच्यापुढं खोटं तिच्यानं बोलवेना.

"आनखी लेकरू नगं," ती म्हणाली, "म्हनून धरला व्हता."

आवाज बारीक होता, पण सगळ्यांनी ऐकला. कुणाच्या तरी हातातली बांगडी वाजली, तेवढीच. गुरवकाका पळी धरून तसेच राहिले. हंबीररावानं मान वळवून तिच्याकडं बघितलं.

मग साळूबाई उठली. ती ओरडली नाही. सुनेच्या मागं येऊन बसली आणि तिच्या कपाळावर हात ठेवला. "अंग बघा कसं तापलंय हिचं. चार म्हैनं एकयेळ जेवून मानूस भरमिष्ट हुतंय, काका. तोंडातनं काय जातंय, तिचं तिला कळंना. अशानं देव काय राग धरत न्हाई." तिनं हरणाबाईची दोन्ही मनगटं खालून धरली आणि ओंजळ ताम्हनावर कलती केली. "दुसरा नातू दे रं महादेवा, म्हनून धरला व्हता. मी बाजूला बसून ऐकलंय."

पाणी गेलं.

"व्हय, आमी बी ऐकलंय तवा," बनुबाई घाईनं म्हणाली, आणि बायकांनी सुटकेचा श्वास सोडला. लगेच ओटी भरायची गडबड सुरू झाली. खण, तांदूळ, नारळ. सगळं पदरात पडत गेलं, जड होत गेलं. कुणी तरी गूळ हातावर ठेवला. "आठा पुतरांची आई हो," एक म्हातारी म्हणाली. हरणाबाईला अजून सासूचे हात मनगटांवर जाणवत होते.

तिनं खरं बोलून बघितलं होतं, आणि खरं बोलण्याचा काही उपयोग झाला नव्हता.

*

दुपारी ती मळीत वांगी तोडायला गेली. हंबीरराव कुंपण नीट करत होता. काट्या रोवत रोवत तो जवळ आला.

"सकाळी बोललीस ते खरं?"

"देवापुढं खोटं बोलीन व्हय?"

त्याचा हात सवयीनं कमरेला गेला, चंची शोधायला. तिथं ती नव्हती. तो बांधावर बसला. "माझ्या पलटणीत नाथाजी हुता," तो म्हणाला. "शिरवळकडचा. एकुलता एक. तिकडंच ऱ्हायला त्यो. येताना त्येच्या आईला भेटून आलो. म्हातारी रडली न्हाई, काय न्हाई. मला म्हनली, दुसरा असता तर त्येच्या तोंडाकडं बघून जगले असते." नदीकडून गार वारा येत होता. "तवापासनं मला अर्जुनाकडं बघून भ्या वाटतंय."

"आनि शालूकडं बघून?"

"शालूला काय झालं?" त्याला खरोखरच कळलं नाही. "शालू हाय म्हनून तर काळजी न्हाई. सांभाळंल की ती."

हरणाबाईनं तोडलेलं वांगं हातातच राहिलं. मग तिनं सांगितलं. कऱ्हाडकडचं माहेर, पेवाच्या तोंडाशी गेलेलं पोर, मुकादमाचा दंडक, अफूची डबी. नाकाखालची दोन बोटं सांगताना तिनं ती आपल्या नाकाखाली धरून दाखवली. हंबीररावानं सगळं ऐकून घेतलं. त्याचा चेहरा उतरला.

"मला कुनी कळवलं न्हाई," तो म्हणाला. हातातली काटी खाली ठेवून म्हणाला, "मग तू हळदीला जाऊ नगंस. मी आलोय आता. मी बघतो कायतरी, सांगलीत राखणदाराची जागा मिळंल. तू घरी बस, पोरं बघ. शालूला जाऊ दे शाळंत."

त्याच्या दृष्टीनं सगळं सुटलं होतं. तो तिच्या तोंडाकडं आशेनं बघत होता. हरणाबाईला ते छप्पर दिसलं. हळदीची रास, मेहरुनबीची बडबड, मुकादमाची हाक, "हरणाबाई, ह्या राशीला तुमीच बसा, तुमी निवडलेला माल लगीच जातोय." घरात तिला नाव नव्हतं. 'अगं' होतं, 'अर्जुनाची आये' होतं. आणि राखणदाराची जागा उद्या मिळेल, परवा मिळेल, मिळणारच नाही. मग ती पुन्हा पेवावर जाणार, पाळण्यातलं पोर मागं ठेवून, आणि मागं कोण राहणार, ते ठरलेलंच.

"जागा न्हाई मिळाली तर?" तिनं विचारलं.

"मिळंल गं. देव हाय की." मग तो पुढं वाकून अगदी हळू बोलला. "एकच. ह्या बारीला एकच. मग मी कवा म्हननार न्हाई."

त्यानं हुकूम केला असता तर हरणाबाई काही बोलली असती. तो मागत होता. ज्यानं तिच्यासाठी तंबाखू सोडली, घरी होता तोवर तिच्या दाराकडं सरळ बघितलंही नाही, तो माणूस बांधावर बसून मागत होता. तिनं वांगी पाटीत भरली, आणि पाटी त्यानंच उचलून तिच्या डोक्यावर दिली.

*

त्या रात्री देवखोलीतली घोंगडी गुंडाळलेलीच राहिली. दुसऱ्या दिवशी सकाळी ती आंघोळ करून, तुळशीला पाणी घालून परसात आली, तर शालू विहिरीपाशी बसलेली. पुढ्यात पाळण्याची लाकडी चौकट. माळ्यावरचा, जळमटं धरलेला पाळणा. पोरगी नारळाच्या शेंडीनं, राखेनं ती चौकट घासत होती. कोपरापर्यंत काळी झाली होती.

"ह्यो कुनी काढला?"

"आजीनं. म्हनली, धुवून ठिव, आता लागंल." शालूनं पाणी ओतलं, पुन्हा राख घेतली. तोंडावर रुसवा नव्हता. कामच करत होती ती, नेहमीसारखं. मग मान वर न करता तिनं विचारलं, "आये, मी शाळंत कवापातूर जाऊ?"

हरणाबाईनं हातातला तांब्या विहिरीच्या काठावर ठेवला.

"म्हंजी," शालू समजावून सांगू लागली, "बाराखडी अर्धी झालीया. बाई म्हनल्या, माघापातूर समदी हुईल. पर मला बिगी बिगी शिकाय पायजे असंल, तर मी बाईस्नी सांगती."

गावातून शाळेची घंटा ऐकू आली. पेवावर जायची वेळही तीच. मेहरुनबी बांधावरून हाक मारत गेली, "हरणाऽ, येतीस न्हवं?"

"तू हो पुढं," हरणाबाई म्हणाली. ती खाली बसली. पोरीच्या हातातली शेंडी तिनं काढून घेतली, घागरीतलं पाणी तिच्या कोपरापासून बोटांपर्यंत ओतलं, पदरानं पुसलं.

"आज जा," ती म्हणाली.

"आनि पाळणा?"

"पाळणा मी घासते. तू जा. पळ."

शालू पाटी घेऊन पळाली. हरणाबाईनं राखेत हात घातला.